मोसिन-नागांत (जुनी रशियन लष्करी रायफल) फायर केल्यावर नुसतं तेल मारलं तर चालतं का?

नाही चालत! तुम्ही म्हणताय की अमेरिकेत तिचंच ९१/३० मॉडेल घेतलंय, सोबत सोव्हिएत सरप्लसच्या, म्हणजे लष्कराच्या जुन्या शिल्लक साठ्यातल्या गोळ्या, आणि रेंजवरून आल्यावर तेल मारून ठेवता. त्या जुन्या गोळ्यांच्या प्रायमरमध्ये (गोळीच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असतं, ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मीठच हो, आपल्या मिठासारखंच हवेतलं पाणी ओढतं आणि बॅरलला आतून गंज धरतो. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, त्यामुळे आधी बोल्ट (मागचा सरकणारा दांडा) काढायचा, चेंबरकडून, म्हणजे गोळी बसते त्या टोकाकडून, कडकडीत गरम पाणी ओतायचं, बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिनपण धुवायची, सगळं पूर्ण सुकवायचं आणि मग तेल. त्याच दिवशी, उद्यावर ढकलू नका. काही जण काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे मारतात, त्यात काम करतं ते पाणीच, अमोनिया उगाच.

बोल्ट उघडताना हाताने ठोकावा लागत असेल तर बहुतेक चेंबरमध्ये जुनं कॉस्मोलीन (साठवताना गंज लागू नये म्हणून फासलेलं घट्ट ग्रीस) राहिलंय, गरम झालं की चिकटतं, सॉल्व्हंट आणि ब्रशने नीट घासा. (माझी दोन वीकेंड त्यातच गेली, हात आठवडाभर वास मारत होते.)

आणि हो, पहिली गोळी झाडायच्या आधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये बसलेली गोळी यांच्यातली मोकळी जागा) तपासून घ्या, बोल्टवरचा नंबर रिसीव्हरशी (बोल्ट ज्यात बसतो तो भाग) जुळत असला तरी. लाकडाला मात्र सँडपेपर लावू नका प्लीज, शिक्के जातात आणि किंमतपण.