शैक्षणिक कर्ज : सरकारला नेमके काय सुचवावे?

प्रश्न : माझा मुलगा पुण्याजवळच्या एका खासगी महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेपाच लाख रुपये आहे. वर्षाला दीड लाख याप्रमाणे सहा लाखांचे कर्ज 10 टक्के दराने मंजूर झाले, मात्र व्याजात कोणतीही सवलत मिळणार नाही, असे बँकेने सांगितले. अर्थसंकल्पापूर्वी केंद्र सरकार नागरिकांकडून सूचना मागवते, त्या वेळी मी काय लिहावे?
– एक पालक, लातूर

उत्तर : आपण अवश्य लिहावे. मात्र ‘शिक्षण स्वस्त करा’ अशा मोघम मागणीवर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. कोणत्या योजनेतील कोणती अट बदलावी, हे आपल्या पत्रात स्पष्ट असले पाहिजे.

आपली अडचण दोन योजनांच्या मधल्या फटीत आहे. केंद्राची व्याज अनुदान योजना 2009 मध्ये सुरू झाली. तिच्यात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढ्या अवधीचे संपूर्ण व्याज सरकार भरते, पण कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ही मर्यादा 8 लाखांपर्यंत नेली आहे आणि 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. मात्र ती राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या (मंजुरीच्या वेळी सुमारे 860) संस्थांपुरतीच, आणि वर्षाला 1 लाख विद्यार्थ्यांनाच मिळते. आपले उत्पन्न पहिल्या योजनेत बसत नाही आणि बहुधा मुलाचे महाविद्यालय दुसऱ्या योजनेच्या यादीत नाही.

याची किंमत आकड्यांत मांडावी. दरवर्षी सुरुवातीला दीड लाख उचलले आणि सरळव्याज धरले, तर चार वर्षांचे शिक्षण व पुढचे एक वर्ष संपेपर्यंत व्याजच 2,10,000 रुपये होते. हप्ते सुरू होताना सहा लाखांचे कर्ज 8,10,000 झालेले असते, आणि दहा वर्षांच्या परतफेडीत महिन्याचा हप्ता सुमारे 7,900 ऐवजी 10,700 रुपये बसतो. तहसील कार्यालयाच्या दाखल्यावर उत्पन्न 4,49,000 असते तर पात्र अभ्यासक्रमासाठी हे 2,10,000 रुपये सरकारने भरले असते. उत्पन्नात एक-दोन हजारांची वाढ झाली की ही सगळी मदत एकदम शून्यावर येते, हा माझ्या मते या धोरणातील सर्वांत मोठा अन्याय आहे.

म्हणून पहिली सूचना अशी करावी की 2009 पासून जागची न हललेली साडेचार लाखांची मर्यादा महागाईशी जोडावी, आणि तिच्यापुढे 8 लाखांपर्यंत अनुदान एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने कमी करावे. दुसरी सूचना अशी की साडेचार ते आठ लाखांच्या गटातील विद्यार्थ्याला, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात शिकत असल्यास, केवळ महाविद्यालयाच्या क्रमवारीमुळे सवलतीतून वगळू नये. गुणवत्तेचा आग्रह योग्यच आहे, परंतु क्रमवारीत मागे असलेल्या महाविद्यालयात शिकणाऱ्याला पहिली नोकरीही बहुधा कमी पगाराची मिळते, आणि व्याज मात्र त्यालाच पूर्ण भरावे लागते.

परतफेडीबद्दलही जरूर लिहावे. आपल्याकडे शिक्षण संपून वर्ष झाले की नोकरी असो वा नसो, हप्ता सुरू होतो. ऑस्ट्रेलियात 1989 पासून परतफेड उत्पन्नाशी बांधलेली आहे, आणि 2025-26 साठी वार्षिक 67,000 डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्याला सक्तीची परतफेड करावी लागत नाही. तेथे ही वसुली करखात्यामार्फत होते. आपल्याकडे ती व्यवस्था लगेच उभी राहणार नाही, म्हणून किमान बेरोजगारीच्या काळात व्याजावर व्याज न चढवता मुदत वाढवून मिळावी, एवढे तरी मागावे.

वसतिगृह आणि जेवणाच्या खर्चाचा विषय या पत्रात घालू नये. डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता ही राज्य सरकारची योजना असल्याने त्यासाठी मुंबईला वेगळे पत्र द्यावे.

केंद्रासाठीची सूचना सरकारच्या मायगव्ह संकेतस्थळावर पाठवता येते. तिची एक प्रत आपल्या खासदारांना द्यावी आणि सोबत बँकेचे मंजुरीपत्र, खाते क्रमांक झाकून, जोडावे.