वाचक विचारतात : ‘पिंग पाँग’ बघताना

प्रश्न : टेबल टेनिसवरच्या ‘पिंग पाँग द ॲनिमेशन’ या जपानी मालिकेचा पहिला भाग मुलांबरोबर बघितला. चित्रं वाकडीतिकडी, हात भलतेच लांब. घाईघाईत उरकलंय की काय? पुढे बघावं का? (सातारा)

उत्तर : घाई नाही, बाजच तसा आहे. तायो मात्सुमोतो यांच्या मूळ कॉमिकमधली (१९९६-९७) रेघच थरथरती आहे. मासाआकी युआसा यांनी २०१४ मध्ये अकराही भागांचे स्टोरीबोर्ड (दृश्यांचे कच्चे चित्र-आराखडे) स्वतः केले आणि ती रेघ गुळगुळीत होऊ दिली नाही. मध्येच पडद्याचे चौकोन पडतात, त्यांत एकाच फटक्याचे पाय, मनगट, चेंडू सुटे सुटे दिसतात. मनगटावर नजर ठेवा, गोंधळ कमी होईल. तीन भागांपर्यंत तरी धीर धरा. आवाज जपानीच ठेवा. शांघायहून आलेला काँग त्याच्या कोचशी चिनीत बोलतो, त्याचं परकेपण तिथेच कळतं.

प्रश्न : कॉमिकमध्ये गेम २१ गुणांचा, मालिकेत ११ चा. चूक कुणाची? (ठाणे)

उत्तर : कुणाचीच नाही. नियम २००१ मध्ये बदलला, कॉमिक त्याआधीचं आहे.

प्रश्न : मुलीला (वय १३) मालिकेतल्या स्माइलसारखं टेबलापासून लांब उभं राहून चॉप (चेंडू खालून कापत परतवणं) करायचंय. लाँग पिंपल (लांब दाण्यांचं) रबर आत्ताच घ्यावं का? (नाशिक)

उत्तर : इतक्यात नको. लाँग पिंपल समोरच्याचाच स्पिन (चेंडूची फिरकी) उलटवून परत पाठवतं. त्याने जोरदार टॉपस्पिन (पुढची फिरकी) दिला की चेंडू जड बॅकस्पिन (उलटी फिरकी) घेऊन जातो. गुण पटापट मिळतात, आणि तिथेच फसगत होते: स्पिन आपल्या हातातून तयार करायची सवय लागत नाही. मनिका बत्राच्या बॅकहँडला लाँग पिंपल आहे, पण ती टेबलाजवळ खेळते, तो खेळच निराळा. पहिले सहा महिने दोन्ही बाजूंना साधं गुळगुळीत रबर, त्याखालचा स्पंज दीड मिलिमीटरच्या आसपास.

सराव असा: टेबलापासून दोन-अडीच मीटर मागे, गुडघे वाकवून. कुणाला तरी बादलीभर चेंडू घेऊन बॅकहँडवर टॉपस्पिन द्यायला सांगा, एका दमात वीस. चेंडू वर असताना मारायचा नाही. तो कमरेच्या खाली येईपर्यंत थांबायचं. बॅट खांद्याच्या उंचीवरून खाली आणि पुढे, चेंडूच्या बुडाला घासून न्यायची. परतीचा चेंडू उंच उडाला तर घाई झाली किंवा बॅट फारच आडवी पडली. नेटमध्ये गेला तर हात नुसता खाली ओढला, पुढे गेलाच नाही. वीसपैकी चौदा-पंधरा नेटवरून बुटके जायला लागले की मग फोरहँड. घरच्या हॉलमध्ये हे जमणार नाही, मागे जागा लागते.

जाता जाता, स्माइलचा मित्र पेको याची बॅटही तिला दाखवा. तो पेनहोल्डवाला, म्हणजे बॅट पेनासारखी धरणारा. जुन्या पद्धतीत बॅकहँडही त्याच बाजूने मारायचा, म्हणून ती बाजू लंगडी. पुढे तो बॅटच्या पाठीलाही रबर लावतो. चीनच्या ल्यू गोल्यांगने तशा बॅटने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरी आणि दुहेरी दोन्ही सुवर्णं घेतली होती.

प्रश्न : मुलगा जिल्हा पातळीवर खेळतो. साकुमाचा भाग बघितल्यापासून सरावाला जात नाही. ‘मेहनत फुकटच’ म्हणतो. मालिका असंच सांगते का? (कोल्हापूर)

उत्तर : सरावात जीव ओतूनही हरलेल्या साकुमाला स्माइल तोंडावर सांगतो की तुझ्यात खेळाचं अंगच नाही, आणि मालिका त्यावर मलमपट्टी करत नाही. आमच्या मते तोच तिचा सर्वांत खरा भाग. पण त्याच्या शेजारी पेको ठेवा. अंगात सगळं आहे, सराव शून्य, खाऊचं पाकीट सदा हातात. काँगसमोर त्याला एक गुणही मिळत नाही. आणि मालिकेतला अव्वल खेळाडू काझामा? त्याच्याकडे अंगची कलाही आहे नि कष्टही, तरी सामन्याआधी तो संडासात कोंडून घेतो. पुढे पेकोला खडसावून टेबलाकडे परत पाठवणारा साकुमाच असतो. मुलगा तिथपर्यंत पोचलाय का, आधी विचारा.

साकुमाने सगळी तयारी एकट्या स्माइलला हरवण्यासाठी केली, ही त्याची खरी चूक. मुलाच्या वहीत प्रतिस्पर्ध्याचं नाव नको, आकडा हवा: आपल्या सर्व्हिसनंतरचा पहिला हल्ला वीसपैकी किती वेळा टेबलावर पडला. दर शनिवारी एक ओळ. आणि साकुमासारखा त्यालाही चष्मा असेल तर नंबर तपासून घ्या. चेंडूवरचा छाप फिरताना दिसत नसेल तर स्पिन ओळखता येत नाही, मग दोष मेहनतीचा नाही.