बावीस शर्ट आणि कंसातलं एक वाक्य

प्रिय ताई,
पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदाच घर सोडून हॉस्टेलवर राहायला जातोय. कॉलेजचं पहिलं वर्ष. घरात रोज कपड्यांवरून वाद चाललाय. मी शर्ट आणि टी-शर्ट मिळून बावीस काढून ठेवलेत, पाच जीन्स, दोन जाड हुडी, तीन जोडी बूट. आई म्हणते एवढं कशाला, आणि वर स्वतःच त्यात फिक्या रंगाचे फुल शर्ट, स्वेटर आणि शाळेच्या निरोप समारंभाला घातलेला कोट कोंबते. मी काढतो, ती परत ठेवते. काल मी चिडून अख्खी बॅग उलटी केली, तर ती रडायलाच लागली. आता मी काय घालायचं ते मीच ठरवणार, हे तिला कसं पटवू? आणि खरं सांगायचं तर तिथली मुलं काय घालत असतील याचीही मला धास्ती आहे. पहिल्याच दिवशी बावळट दिसलो तर वर्षभर तोच शिक्का बसेल. (धुण्याचा प्रश्न नाही, दर पंधरा दिवसांनी घरी येणार आहे, तेव्हा आई धुवून देईल.) तर नक्की काय काय नेऊ?
— गोंधळलेला

प्रिय गोंधळलेल्या,

बॅग उलटी केलीस त्याबद्दल आईची माफी माग. आजच माग. त्यावर मी आणखी काही लिहिणार नाही, कारण मला तुझ्या पत्रातल्या एकाच वाक्याबद्दल बोलायचंय आणि ते तू कंसात टाकून मोकळा झालायस.

धुण्याचा प्रश्न नाही म्हणतोस. अरे, तुझा सगळा प्रश्नच धुण्याचा आहे. बावीस शर्ट तू हौसेपोटी काढलेस असं तुला वाटतंय. पण पंधरा दिवस कपडे धुवायचेच नाहीत असं ठरलं की रोजचा एक, घाम आला की संध्याकाळी दुसरा, वर अडीअडचणीला दोनचार, असं करत आकडा तिथेच जातो. आठवड्यातून दोनदा धुणाऱ्याला याच्या निम्मेही लागत नाहीत. तुझ्या बॅगेचं वजन तुझ्या आवडीनिवडीने वाढलेलं नाही, आईने देऊ केलेल्या सोयीने वाढलंय.

आणि त्या पंधरा दिवसांत खोलीत काय होणार आहे? सोमवारी खेळून आलास, घामाने चिंब टी-शर्ट काढलास आणि पिशवीत कोंबलास. घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो, तो कपड्यावरच्या जिवाणूंमुळे येतो आणि ओल्या, बंद पिशवीत त्यांची चंगळ असते. पॉलिएस्टरचा खेळाचा टी-शर्ट असेल तर तो वास सुती कापडापेक्षा जास्त धरून ठेवतो, कधीकधी धुतल्यावरही. त्यावर ओला टॉवेल, त्यावर मोजे. कॉलरवरचा मळ आत मुरतो, काखेतला डाग पिवळा पडतो. दोन आठवड्यांनी बाहेर येणारी ती पिशवी तू आईच्या हातात ठेवणार आणि तिनं काढलेल्या डागांचे शर्ट घालून परत जाणार. हे करणारा मुलगा आणि ‘आता माझं मी ठरवणार’ म्हणणारा मुलगा एकच कसा असेल, तू सांग.

आई परत परत शर्ट का ठेवते, हेही यातच आलं. तुझ्या कपड्यांची खरी ओळख तिलाच आहे. कुठला रंग जातो, कुठला आटतो, कुठल्याचं बटण सैल आहे, काय दोन दिवस वाळत नाही, हे तिच्या हातांना माहीत आहे. तुला फक्त कुठला अंगावर बरा दिसतो तेवढं माहीत आहे. मग बॅगेत हात घालायचा हक्क आपला आहे असं तिला वाटलं तर नवल नाही.

म्हणून मी आता तिची बाजू घेईन असं समजू नकोस. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा बनियन धुता येत नाही हे तिला दिसतंय. तो घर सोडून निघालाय हेही दिसतंय. आणि तरी ती त्याला बादलीपाशी उभं न करता सांगते, ‘मळके घेऊन ये, मी धुते.’ यात माया आहे, मला मान्य आहे. पण ही माया तुझ्या कामाची नाही आणि तिच्याही नाही. तुला घरी यायला कारण हवं म्हणून तिनं धुणं पुढे केलं असेल, तर घरी जायला तेवढं कारण लागता कामा नये. तू तिला भेटायला जा.

आता माझं सांगणं ऐक. उद्यापासून निघायच्या दिवसापर्यंत तुझा प्रत्येक कपडा तू धुवायचा. घरी मशीन असलं तरी निदान पहिले आठ दिवस हाताने. आणि बॅगेत फक्त तेच कपडे जातील जे तू स्वतः धुतलेत, वाळवलेत आणि घडी करून ठेवलेत. कोट असो, हुडी असो, कुणाच्याही आवडीचा शर्ट असो, तुझ्या हाताखालून गेला नाही तर तो घरीच राहील. हाच नियम आईने ठेवलेल्या कपड्यांनाही लागू.

काय होईल बघ. पहिल्या दिवशी तू हुडी भिजवशील आणि ती पाण्याने इतकी जड होईल की पिळताना मनगटं दुखतील. वरून कोरडी वाटली तरी टोपी आणि खिसे ओलेच राहतील, आणि तशीच घडी घातलीस तर कुबट वास धरेल. दोनपैकी एक आपोआप घरी राहील. नवी गडद जीन्स पाण्यात घातलीस की पाणी निळं होईल, कारण तो रंग सुताच्या वरच्या थरावर असतो. ती उलटी करून, वेगळ्या बादलीत, गार पाण्यात. पांढरा शर्ट चुकून तिच्यासोबत गेला तर फिका निळा होऊन बाहेर येईल, आणि ते घरी झालेलं बरं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालून खसाखसा घासलास तर आटून धाकट्या भावंडाच्या मापाचा होईल. रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो, त्याला आधी गार पाणीच लागतं. पावडर दुप्पट टाकली म्हणून कपडा दुप्पट स्वच्छ होत नाही, उलट नीट खळबळला नाही तर वाळल्यावर कडक होतो आणि अंगाला खाजतो. कॉलर, बाह्यांची टोकं आणि काख एवढं आधी साबण लावून हाताने चोळ, बाकी शर्टाला फार कष्ट लागत नाहीत. आणि पिळल्यावर जोरात झटकून वाळत घाल, निम्मी इस्त्री तिथेच होते.

हे आठवडाभर केलंस की काय नेऊ हे मला विचारावं लागणार नाही. तरी विचारलंयस म्हणून अंदाज देते. वरचे आठ, त्यांत बहुतेक सुती. दोन जीन्स, एक हलकी, लवकर वाळणारी पँट. आतले कपडे मात्र भरपूर, दहा-बारा जोड, तिथे काटकसर नको. टॉवेल दोन, आणि पातळ. जाड, मऊ टॉवेल दिसतो छान, पण खोलीत दोरीवर वाळता वाळत नाही, आणि मग मुलं एकमेकांचा वापरतात. त्यातून नायटा पसरतो. आपला टॉवेल कुणाला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही. बाथरूमसाठी रबरी चपला. बूट दोन जोडी. स्वेटर तिथल्या हवेप्रमाणे. फुल शर्टांच्या बाबतीत आईचं बरोबर आहे. तोंडी परीक्षा, सादरीकरण, कुणाला भेटायला जाणं असं वर्षातून काहीतरी निघतंच, तेव्हा एक फिका शर्ट आणि एक साधी पँट हाताशी हवी. एकच पुरे. कोट घरीच राहू दे.

बावळट दिसण्याची धास्ती मला समजते, ती खोटी नाही. पण पहिल्या आठवड्यात तिथे काय घालतात हे तुझ्या वर्गातल्या कुणालाच माहीत नसतं, सगळेच एकमेकांकडे चोरून बघत असतात. महिनाभराने तुला आपोआप कळेल आणि तेव्हा दोन कपडे घ्यावेसे वाटले तर घे. म्हणूनच बॅगेत जागा मोकळी हवी. शेजारी बसणाऱ्याच्या आधी लक्षात येतो तो वास. टी-शर्टवरची छाप कुणी बघितली नाही, वास मात्र आला, असं कुठल्याही वर्गात होतं.

घरी पंधरा दिवसांनी जरूर जा. पण मळका कपडा एकही न्यायचा नाही, पूर्ण वर्षभर. परीक्षा आहे म्हणून नाही, आई फोनवर आग्रह करते म्हणूनही नाही. ती करेल. तेव्हा चिडू नकोस, तिला एवढंच सांग, ‘कपडे धुऊन झालेत, मी मोकळा येतोय.’ आणि उद्या सकाळी ती उठायच्या आत बादली भर. जीन्स वेगळी काढ.