इंटरव्ह्यू मराठीत दिला तर चालेल का?

प्रश्न: लेक न्यू जर्सीला असते, आम्हा दोघांचा अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाचा इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीला आहे, इंग्रजी जेमतेम येतं. तयारी काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर: काकू, इंग्रजीचं टेन्शन सोडा, मुंबईत मराठीतून बोलता येतं, फक्त खिडकीशी गेल्या गेल्या तसं सांगा. खरी तयारी डीएस-१६० फॉर्मची, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाची, तो बहुतेक वेळा जावयाने भरलेला असतो आणि त्यात काय लिहिलंय ते आपल्यालाच माहीत नसतं, तेव्हा प्रिंट काढून दोघांनीही नीट वाचा. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं २१४(बी) कलम असं की तुम्ही तिकडेच राहणार असं ऑफिसर आधी धरूनच चालतो, म्हणून घर, पेन्शन, शेती जे काय इथे असेल ते विचारलं की सरळ सांगा, पाठ केलेलं भाषण नको. फाईल उघडायला लावतीलच असं नाही, सगळं दोन-चार मिनिटांत आटपतं. आणि हो, मोबाईल आत चालत नाही.