टक्केवारीवर वकील करावा का?

प्रश्न: ताई, यजमान गेल्यापासून सांवेर रोडवरचा आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना मीच बघते. इंदूरच्याच एका व्यापाऱ्याकडे आठ लाख चाळीस हजार अडकलेत. बिलं 2024 सालची आहेत. एक वकील म्हणतात, आत्ता काही देऊ नका, वसूल होतील त्यातले वीस टक्के द्या. दुसरे आधी फी मागतात, पण कागद बघितल्याशिवाय आकडा सांगत नाहीत. घरचे म्हणतात, पहिलेच बरे. काय करू?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: हातात पैसा नसताना ‘आत्ता काही देऊ नका’ हे गोड लागणारच. पण वसुलीत हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला बंदी आहे. पहिल्याच भेटीत जो स्वतःच्या पेशाचा नियम मोडायला निघतो, त्याच्या हाती मी तरी माझी फाईल दिली नसती. तुम्ही दुसऱ्यांकडे जा. कागद बघून फी सांगणं हीच रीत आहे.

जाताना बिलांबरोबर माल पोचवल्याची चलनं न्या. प्रत्येक चलन नीट बघा: माल उतरवून घेणाऱ्याची सही आहे का, दुकानाचा शिक्का आहे का, तारीख वाचता येते का? समोरचा आधी म्हणणार, माल आलाच नाही. ते टिकलं नाही की म्हणणार, खोके ओले निघाले. वर्षानुवर्षं मी हेच दोन जबाब वाचते आहे, आणि दोन्हींना उत्तर त्या सहीतच असतं. व्हॉट्सॲपवर त्याने ‘पुढच्या महिन्यात देतो’ असं लिहिलं असेल, तर तो फोन विकू नका, बदलू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, संदेश कोणत्या फोनमधून आणि कसा काढला हे सांगणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आता वकिलांची परीक्षा तुम्ही घ्या. ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी केलेली नोंद, आहे का, माल दिला तेव्हा होती का, हे त्यांनी आपणहून विचारलं पाहिजे. तुम्ही स्वतः माल बनवता, म्हणून हा प्रश्न लाखमोलाचा आहे. नोंदणी असेल तर 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याखाली खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. मालाबद्दल तक्रार असेल तर तीही त्याने 15 दिवसांत लेखी करायला हवी होती. हे प्रकरण कोर्टाऐवजी याच कायद्याखाली थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेपुढे नेता येतं.

नोंदणी नसेल तर व्यावसायिक न्यायालयात दावा लावावा लागेल. रक्कम तीन लाखांच्या वर असल्यामुळे, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे पक्कं केलं आहे. ‘उद्याच दावा ठोकतो’ म्हणणाऱ्याला याची माहिती नाही असं समजा. तसा दावा सुरुवातीलाच फेटाळला जातो.

फी किती, ती कोणत्या टप्प्याला द्यायची, कोर्ट फी त्यात धरली आहे का, हे कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा. दर पेशीला वकीलसाहेब स्वतः उभे राहणार की ज्युनिअर, हेही विचारा. विचारण्यात संकोच कसला? कोऱ्या वकालतनाम्यावर सही नको. मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स द्या. दावा लागला की सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने तुमच्या दाव्याला दिलेला ओळख क्रमांक, मागून घ्या, म्हणजे पुढची तारीख मोबाईलवर तुम्हालाच दिसेल. पुढे पटलं नाही तर वकील बदलता येतो, आणि फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवण्याचा हक्क कोणत्याही वकिलाला नाही.

एक गोष्ट मात्र आजच बघा. तुमच्या पत्रात बिलांचं साल आहे, तारखा नाहीत. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्यापासून, ठरली असेल तर ती संपल्यापासून दाव्याला तीन वर्षं मिळतात, आणि ती प्रत्येक बिलाची वेगळी मोजतात. त्या आत व्यापाऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली असेल तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं धरतात. असा कागद यजमानांच्या फायलीत आहे का, तेही शोधा.