पावनखिंडीच्या वाटेवर चकवा लागला त्याची गोष्ट

एखाद्या ऐतिहासिक रणभूमीवर कुणाला भुताटकीचा अनुभव आला आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला आलाय. पण त्यात कुणी दिसलं नाही, आणि घडलं तेही खुद्द रणभूमीवर नाही, तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर. चालत असेल तर पुढे वाचा.

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट आषाढात शेकडो लोक चालतात. इतिहास सगळ्यांना पाठ आहे, तरी दोन ओळीत सांगतो. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि भर पावसात विशाळगडाकडे निघाले. शिवा काशिदने महाराजांचं सोंग घेऊन मरण पत्करलं. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू आणि बांदलांच्या माणसांनी घोडखिंड अडवून धरली. तीच आज पावनखिंड.

पन्हाळा सोडल्यावर थोड्या वेळात मसाईचं पठार लागतं. जांभ्या दगडाचं, उघडं, मैलोनमैल सपाट. पावसाळ्यात त्याच्यावर ढगच येऊन बसतात. आम्ही चौघं मागे रेंगाळलो (एकाच्या बुटाचा तळ निघाला होता, तो दोरीने बांधत बसलो), तोवर पुढचा घोळका दिसेनासा झाला आणि अंधारून आलं. हेडलँप लावले तर समोर नुसती पांढरी भिंत. बॅटरी बंद केलेली बरी, कारण मग निदान आपली चप्पल कुठे पडतेय ते तरी कळतं. आम्ही चालत राहिलो. एक डबकं लागलं, त्याच्या कडेला कुणीतरी दगडांची उतरंड रचलेली. बऱ्याच वेळाने पुन्हा तसंच डबकं, तशीच उतरंड. तिसऱ्यांदा आली तेव्हा बोलणं आपोआप बंद झालं, कारण उतरंडीवर आमच्यातल्याच एकाने मघाशी ठेवलेला बिस्किटाचा कागद होता.

तेवढ्यात आवाज आला. चिखलात पडणारी पावलं, एकदोन माणसांची नव्हेत, पुष्कळ. पालखीचे भोई धापा टाकतात तसा जड, एका लयीतला श्वास. आमच्यापासून वीसेक पावलांवरून ते काहीतरी गेलं. आम्ही हाका मारल्या, ओ आली नाही. उजेड टाकला, पांढरी भिंत. आमच्यातला एकजण शपथेवर सांगतो की त्याने ‘हर हर महादेव’ ऐकलं. मी नाही ऐकलं. उरलेले दोघं कधी ऐकलं म्हणतात, कधी नाही, सांगताना समोर कोण बसलंय त्यावर ते अवलंबून असतं.

मग आम्ही शहाणपणा केला आणि जागेवर बसलो. वाऱ्याने जरा फट पडली तेव्हा खाली दिवा दिसला, तो धरून उतरलो आणि एका धनगरवाड्यात पोचलो. तिथल्या आजींनी आमच्याकडे बघूनच ओळखलं. ‘‘चकवा लागला म्हणा की तुमास्नी. मंग बसून ऱ्हायाचं असतंय, चालायचं न्हाई.’’ चुलीपुढे बसवून त्यांनी कोरा चहा दिला.

चकव्याचं म्हणाल तर आजींचा उपाय शास्त्राला धरून आहे. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसतोय तोवर माणसं बरी चालली. तो झाकला गेला की नकळत वळायला लागली आणि आपलाच माग ओलांडू लागली, तरी आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री. डोळे बांधल्यावर तर काहीजण वीस मीटरपेक्षाही लहान वर्तुळात फिरले. मसाईच्या पठारावर ढग उतरला की डोळे वेगळे बांधावे लागत नाहीत.

आवाजाचं मात्र मला नक्की सांगता येत नाही. धनगरांच्या म्हशी असतील असं मला वाटतं, आजी म्हणाल्या त्यांच्या म्हशी दिवस मावळायच्या आत बांधलेल्या होत्या. दुसऱ्यांच्या असतील. ‘हर हर महादेव’वाला मित्र आता गोष्ट सांगताना म्हणतो की तो आवाज पन्हाळ्याकडून विशाळगडाकडे गेला. आम्हाला स्वतःचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नव्हतं, याला दिशा कशी कळली? पण आता ती गोष्टीत बसली आहे, निघायची नाही.

खरी गंमत पुढे झाली. त्याच मित्राने चहा पिता पिता विचारलं, ‘‘आजी, बाजीप्रभूंचं भूत असेल का हो?’’ म्हातारी अशी उखडली! ‘‘जीभ झडंल तुझी. भूत व्हायला त्यो काय आडात पडून मेला व्हय? त्यो वीर झाला.’’

मला हे फार पटलं. आपल्याकडे भूत होतं ते अवेळी, इच्छा राहून मेलेल्याचं: सोडमुंज न झालेला मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली हडळ होते. लढाईत पडलेला माणूस या यादीत सहसा येत नाही. गावाबाहेरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीसाठी कोरलेले दगड, पाहा. खालच्या चौकटीत तो लढतोय, मधे अप्सरा त्याला उचलून नेतायत, वर तो शिवलिंगापुढे बसलाय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मधे भटकायला जागाच ठेवलेली नाही. बोरिवलीजवळच्या एकसरला तर जहाजांवर लढणाऱ्यांचेही असे दगड आहेत. कित्येक घरांत देव्हाऱ्यात वीराचा टाक असतो, नाशकात धूलिवंदनाला वीर मिरवतात. अमेरिकेत गेटिसबर्गला १८६३ साली तीन दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी किंवा बेपत्ता झाली. तिथे आज संध्याकाळी पैसे घेऊन भुतांच्या सहली निघतात. पावनखिंडीत लोक नारळ फोडतात.

याला अपवाद शोधायचा तर मला पानिपत आठवतं. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण इकडे पुण्यात ते अनेकांना खरं वाटेना. पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलं नाही, १७८३ मध्ये वारल्या तोवर नाही. दरम्यान भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्या मागे माणसं गेली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याला मारावं लागलं. रणभूमीवरून परत आलेलं आपल्याकडचं भूत म्हणायचं तर हेच, हाडामांसाचं, सैन्य बाळगणारं. त्याची भीती पेशवाईतल्या कारभाऱ्यांना आमच्या चकव्यापेक्षा नक्की जास्त वाटली असणार.

तुम्हाला अनुभव घ्यायचाच असेल तर आषाढात जा, पण मसाईचं पठार उजेडी पार करा. त्याला सरळ तुटलेले कडे आहेत आणि ढगात ते दिसत नाहीत. रस्ता चुकतोय असं वाटलं तर बसा. आणि वाडीतलं कुणीतरी वाटाड्या म्हणून सोबत घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.