शेवटचं लेक्चर संपल्यावर काय?

प्रश्न : ताई, मला इतिहासात एम.ए. करायचं आहे. दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक विद्यापीठ भर शहरात आहे, पण वसतिगृह नाही. खोली घेऊन ये-जा करावी लागेल. दुसरं शहराबाहेर, पूर्ण निवासी. मी बुजरी आहे. निवासी ठिकाणी रमेन, की जगापासून तुटेन?

उत्तर : माहितीपत्रकातले फोटो आधी बाजूला ठेव. मी बरीच वर्षं वसतिगृहाची रेक्टर होते. हिरवळीवर पुस्तक उघडून बसलेली मुलं क्वचितच दिसली. ती असायची मेसच्या रांगेत, जिन्यात, नाहीतर दुसऱ्याच्या खोलीत. म्हणून मी एवढंच विचारते, शेवटचं लेक्चर संपल्यावर तिथे काय होतं?

शहरात वर्ग सुटला की दहा मिनिटांत पांगतो. कोणाला गाडी गाठायची असते, कोणाला नोकरी. न्यूयॉर्क विद्यापीठाला तर कुंपणच नाही. वॉशिंग्टन स्क्वेअर या सार्वजनिक बागेभोवती त्याच्या इमारती विखुरल्या आहेत. लंडन विद्यापीठ 1836 मध्ये निघालं ते परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी, आणि 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं त्याच धर्तीवर उभी राहिली. विद्यार्थी एकत्र राहतील हे त्या मांडणीत धरलेलंच नव्हतं. पण तुझा विषय इतिहास, म्हणून शहराचं पारडं हलकं समजू नकोस. लंडनच्या ब्लूम्सबरीत शिकणाऱ्याला ब्रिटिश म्युझियम आणि ब्रिटिश लायब्ररी, दोन्हीकडे पायी जाता येतं. अशी सोय कोणत्याही निवासी कॅम्पसवर उभी करता येत नाही.

निवासी विद्यापीठांचा विचारच वेगळा. केंब्रिजमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याने सत्रात ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून 3 मैलांच्या आत राहायचं, असा नियम आहे. ऑक्सफर्डमध्ये कारफॅक्स चौकापासून 6 मैल. बुजऱ्या मुलीला याचा फायदा होतो. ओळख काढावी लागत नाही, तीच माणसं रोज जेवताना समोर येतात आणि चौथ्या दिवशी कोणीतरी बोलतंच. भौतिकशास्त्राची मुलगी रात्री अकराला तुझ्या निबंधात तोंड घालते, तेव्हा वैताग येतो आणि निबंध सुधारतो. तोटेही आहेत. भांडण झालं तरी सकाळी दात घासताना तेच तोंड दिसतं. गुपित राहत नाही. सुट्टीत कॅम्पस ओस पडतो, आणि महिनोन्‌महिने फाटकाबाहेर पाऊल न टाकलेली मुलंही मी पाहिली आहेत.

माझा कौल तुझ्यापुरता निवासीला. शहरच घेतलंस, तर एकटीने खोली घेऊ नकोस. कोणत्याही विद्यार्थिनी-वसतिगृहात जागा शोध. पॅरिसमध्ये वर्ग शहरभर भरतात आणि 1925 पासून सिते युनिव्हर्सितेरमध्ये देशोदेशींची मुलं एकत्र राहतात. अशी विभागणी चांगली चालते.

पैसे भरण्याआधी निवासी ठिकाणच्या एखाद्या विद्यार्थिनीला गाठून विचार. वसतिगृहाची खोली दोन्ही वर्षं मिळते की पहिल्याच? लायब्ररी रात्री कितीपर्यंत उघडी? शहराकडून शेवटची बस कधी? आणि मुलींच्या वसतिगृहाचं दार मुलांच्या आधी बंद होतं का? होत असेल, तर रात्रीच्या गप्पांचं ते सगळं कौतुक निम्म्या वर्गापुरतंच आहे आणि माझा कौल तू खुशाल फिरव.